इंजिनाचे गाऱ्हाणे

कुंभाराकडे माठ घ्यावयास गेलेली बाई माठाकडे नुसती पाहत नाही. ती बोटाने त्याच्यावर टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द वाजला तर कोठेतरी चीर आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. कलिंगड घेणारा, नारळ घेणारा, रुपया दगडावर वाजवून पाहणारा जुना व्यापारी, हे सारे एकाच शास्त्राचे विद्यार्थी. आगगाडीच्या डब्याशेजारून वाकून चालत, लांब दांड्याच्या हातोडीने चाकांवर ठोके मारीत जाणारा रेल्वेचा कामगार आपल्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. तो चाकाला टिचकीच मारीत होता. फ्रान्समधील लाएनेक या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून ती रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. आपल्याकडचा मोटार-मिस्त्री आजही लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकतो, तेव्हा तो लाएनेकचेच काम करीत असतो.

मी इंजिनिअर नव्हे. माझे आयुष्य गाड्या चालविणाऱ्या कामगारांच्या संघटनेत गेले. इंजिनाविषयी मला जे थोडेफार समजते, ते लोणावळ्यापासून तळेगावपर्यंतच्या गॅरेजांत मिस्त्र्यांशेजारी उकिडवे बसून आणि रात्री पुस्तके चाळून मिळविलेले आहे. ते मिळविण्याची गरज मला का पडली, हे आधी सांगतो. कारण आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे.

एका चालकाची हकिकत

वीस-एक वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतला एक चालक माझ्याकडे आला. मुंबई-पुण्याकडे भाड्याने जाणारी डिझेलची प्रवासी गाडी तो चालवीत असे. गाडी मालकाची, पगार महिन्याचा. काही आठवड्यांपासून त्याला इंजिनातून एक खोल ठोका ऐकू येत होता. त्याने मालकाला सांगितले, "शेठ, गाडी आतून ठोकतेय. एकदा मिस्त्रीला दाखवू या." शेठ म्हणाले, "अरे, डिझेलची गाडी आहे, आवाज करणारच. सीझन संपू दे, मग बघू." त्याने पुन्हा सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, "एवढा त्रास होतो तर टेप मोठ्याने लाव!" ऑइल बदलावयाची वेळही टळून गेली होती.

पावसाळ्यातल्या एका रविवारी रात्री, खोपोलीहून वर चढताना, ऐन वळणावर इंजिन जाम झाले. आत एक कुटुंब, दोन लहान मुले. पाठीमागे मालट्रकांची रांग. धुके असे की दहा हातांपलीकडचे दिसू नये. कोणाला इजा झाली नाही, हे त्यांचे दैव. दुसऱ्या दिवशी मालकाने निकाल दिला की, चालकाने ऑइल न पाहता गाडी दामटली, सबब इंजिनाचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापला जाईल.

चालकाच्या बाजूने बोलावयाचे तर आधी इंजिन कशाने गेले हे मला समजून घेणे भाग होते. ते समजून घेताना जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो. त्या वादाचे काय झाले, तेही शेवटी सांगेन.

घाट म्हणजे परीक्षा

इंजिनाचा विषय मावळात काढण्याला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे आपला बोरघाट. १८३० साली या घाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली रेल्वे वर आली आणि २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. रस्ते बदलले, पण डोंगर तोच राहिला. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर उंची चढावीच लागते. रेल्वेच्या रुळांना या घाटात ३७ फुटांमागे १ फूट असा चढ आहे, आणि तो चढण्यासाठी कर्जतला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. मोटारीला असे कोणी मागून ढकलणारे नसते. जे आहे ते एकच इंजिन, आणि सपाटीवर त्याने जो दोष झाकून ठेवलेला असतो तो घाटात उघडा पडतो. पायऱ्या चढताना धाप लागली की छातीचे दुखणे कळते, तसेच हे आहे.

इंजिन आवाज का करते?

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर एकामागून एक चार कामे करतो. हवा आत घेणे, ती दाबणे, इंधन पेटवून पिस्टन खाली ढकलणे आणि जळका धूर बाहेर टाकणे. ही चार कामे होईतो क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. म्हणजे एकेक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो आणि चार सिलिंडरांचे मिळून १०० स्फोट होतात. हे शंभर स्फोट आपल्याला सुटेसुटे ऐकू येत नाहीत. त्यांचा एक सलग सूर लागतो. तो सूर म्हणजे निरोगी इंजिनाचा आवाज, आणि तो ओळखीचा करून घेणे हा पहिला धडा. आपल्या मुलाचा रोजचा आवाज ज्या आईला ठाऊक असतो, तिलाच त्याचा घसा बसलेला कळतो.

दुसरी गोष्ट अशी की, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे व्हॉल्व्हकडचा आवाज सावकाश व वरून येतो, तर क्रँककडचा ठोका दुप्पट जलद व खालून येतो. मिस्त्री कानाने रोग ओळखतो तेव्हा त्याला जादू अवगत नसते. हा निम्म्या-दुपटीचा हिशोब त्याच्या कानात बसलेला असतो.

आधी चार प्रश्न

नवा आवाज आला की लगेच घाबरू नये आणि लगेच दुर्लक्षही करू नये. स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला: आवाज इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर हलका दाबावा. उभ्या गाडीतही तोच आवाज वाढला, तर दुखणे इंजिनात किंवा त्याच्या पट्ट्यावर आहे. उभ्या गाडीत तो नाहीच, आणि चालताना वेगाबरोबर वाढतो, तर चाके, बेअरिंगे, टायर यांच्याकडे पाहावे. एवढ्या एका परीक्षेने निम्मा शोध संपतो.

दुसरा: तो गार इंजिनावर येतो की तापल्यावर? तिसरा: चढावर, भार पडला की वाढतो काय? आणि चौथा: तो आजच आला की महिनाभर हळूहळू वाढत आहे? या चार प्रश्नांची उत्तरे घेऊन जो मिस्त्रीकडे जातो, त्याचा वेळ वाचतो आणि पैसाही. "कसला तरी आवाज येतो हो" असे सांगणारा गिऱ्हाईक, "पोटात कसेसेच होते" म्हणणाऱ्या रोग्यासारखा असतो.

आवाजांची ओळख

आता एकेक आवाज घेऊ.

टिकटिक. शिवणयंत्रासारखी बारीक, वरच्या बाजूने येणारी टिकटिक ही बहुधा टॅपेटची असते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांत फट वाढली की ती ऐकू येते. सकाळी गाडी चालू केल्यावर चार-दोन सेकंद टिकटिक होऊन थांबत असेल, तर रात्रभर खाली उतरलेले ऑइल वर पोहोचावयास तेवढा वेळ लागला, असे समजावे. थांबत नसेल तर प्रथम ऑइलची पातळी पाहावी. गार इंजिन सुरू होताना पुढच्या बाजूने साखळी खडखडल्यासारखा आवाज रोज येऊ लागला, तर टायमिंग चेन सैल झाल्याची शंका घ्यावी. ही साखळी घसरली, तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. तेव्हा हे काम पुढे ढकलण्यासारखे नव्हे.

किणकिण. चढावर गाडी वरच्या गिअरमध्ये रखडत असताना पत्र्याच्या डब्यात खडे हलविल्यासारखा जो आवाज येतो, त्याला आपल्याकडे नॉकिंग म्हणतात. ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनच्या माथ्यावर घाव बसतो. जुन्या काळी हे टाळण्यासाठी पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळीत. ते विषारी असल्यामुळे २००० साली भारतात बंद झाले. आजच्या इंजिनाला स्वतःचाच कान असतो. इंजिनाच्या अंगावर बसविलेला एक लहानसा सेन्सर सेकंदाला सुमारे सहा-सात हजार कंपनांचा हा आवाज टिपतो आणि ठिणगी किंचित उशिरा पाडावयास लावतो. तरीही किणकिण ऐकू आली, तर उपाय चालकाच्या हातात आहे: खालचा गिअर टाकावा. इंजिन मोकळे फिरू द्यावे. वरच्या गिअरमध्ये रखडवल्याने पेट्रोल वाचते, ही समजूत घाटात तरी खोटी आहे.

ठोका. खालून येणारा, जड, हातोडीने ओंडका ठोकल्यासारखा, भार पडला की वाढणारा आवाज हा सर्वांत गंभीर. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड एका मऊ धातूच्या बेअरिंगवर फिरतो, आणि त्या दोहोंत केसाहूनही कितीतरी पातळ असा ऑइलचा पडदा असतो. हा पडदा आहे तोवर धातूला धातू लागत नाही. ऑइल कमी झाले, पातळ झाले किंवा गाळाने रस्ता बंद झाला, की पडदा फाटतो, बेअरिंग झिजते आणि ठोका सुरू होतो. या आवाजावर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. बेअरिंगच्या वेळीच सांगितले तर खर्च बेअरिंगपुरता राहण्याची आशा असते. रॉड तुटून बाहेर आला तर इंजिनच जाते. ठोक्याबरोबर ऑइलचा तांबडा दिवा लागला तर विचार करीत बसूच नये. गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे.

चीं-चीं. पहिल्या पावसात, सकाळच्या दमट हवेत, गाडी चालू करताच जी किंकाळी ऐकू येते ती पट्ट्याची. पट्टा सैल, घासून गुळगुळीत झालेला किंवा चिरलेला असतो. खर्च थोडा, पण आळस महाग. कारण पुष्कळ गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप आणि बॅटरी भरणारे यंत्र चालवितो. तो घाटात तुटला, तर काही मिनिटांत इंजिन तापते. पट्टा पाहताना इंजिन बंद ठेवावे. पदर, ओढणी, सदऱ्याची बाही यांनी अनर्थ घडविलेले आहेत.

फुसफुस आणि फटफट. धुराच्या नळीला भोक पडले किंवा जोडावरची पॅकिंग गेली की हा आवाज येतो. पुष्कळ लोक त्याकडे केवळ कर्कशपणा म्हणून पाहतात. पण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि तो माणसाला झोप आल्यासारखा गुंगवून मारतो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटात तासन्‌तास गाड्या तुंबतात, काचा बंद, आत मुले झोपलेली, इंजिन चालूच. अशा वेळी धुराची नळी फुटलेली असणे ही जिवाशी गाठ आहे. डोके जड झाले तर काचा उघडाव्यात आणि बाहेर यावे.

अडखळणे. चार सिलिंडरांपैकी एक नीट पेटेनासा झाला की सलग सुरात खंड पडतो आणि गाडी थरथरते. मिस्त्री याला 'मिसिंग' म्हणतात. बहुधा स्पार्क प्लग, त्याची कॉइल किंवा इंधनाचा इंजेक्टर यांत दोष असतो. अशा वेळी इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठावे. तो लुकलुकत असेल तर न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीत जाऊन तिथला शुद्धीकरणाचा भाग जाळीत आहे, असे समजून थांबावे.

घुमघुम आणि कट-कट. इंजिनाचे नसलेले पण इंजिनाच्या माथी मारले जाणारे हे दोन आवाज. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर एका बाजूला भार पडताच बदलणारी घुमघुम ही चाकाच्या बेअरिंगची. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर येणारी कट-कट ही पुढच्या चाकाला शक्ती नेणाऱ्या सांध्याची. इंजिन उघडण्यापूर्वी हे दोन पाहून घेतले, तर उगाच होणारा मोठा खर्च टळतो.

चढताना, उतरताना आणि पाण्यात

चढावर इंजिन तापते. लोणावळ्याच्या उंचीवर उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे आत दाब धरून ठेवते आणि म्हणून आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. जुनी फियाट किंवा पद्मिनी घेऊन ज्यांनी हा घाट चढला, त्यांना पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकून कडेला वाट पाहिलेली आठवत असेल. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा फिरत असे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली आणि ओल्या फडक्याचा उपायही तिच्याबरोबर गेला. पण तापण्याचा नियम गेला नाही. काटा वर चढू लागला की एअर-कंडिशनर बंद करावा, सुरक्षित जागा पाहून थांबावे, इंजिन बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास धीर धरावा. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. शिट्टी न उतरता कुकर उघडणाऱ्याचे जे होते तेच त्याचेही होते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हाही अविचारच. धातूला तडा जातो.

उतारावर प्रश्न ब्रेकचा. माणसांसह दीड हजार किलो वजनाची मोटार लोणावळ्याहून खोपोलीला उतरते, तेव्हा तिच्यातून जी शक्ती मोकळी होते ती सुमारे पंचवीस लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी असते. थोडा भाग वारा व रस्ता घेतात. उरलेली शक्ती उष्णता होऊन कोठेतरी जावीच लागते. चालकाने सगळा उतार ब्रेकवर पाय ठेवून काढला, तर ती चार चाकांच्या ब्रेकमध्येच साठते. ब्रेक जळका वास मारू लागतात आणि पुढे धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरने चढलो, साधारण त्याच गिअरने उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरते. उतारावर न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे म्हणजे हा सर्वांत भरवशाचा सोबती गाडीतून उतरवून देणे होय. इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टिअरिंग यांना मिळणारी मदतही संपते.

तिसरे पाणी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि साचलेल्या पाण्यात गाडी घालण्याचा मोह पर्यटकांना फार. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले की पिस्टन ते दाबू शकत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. अशा वेळी पोलादी कनेक्टिंग रॉड काडीसारखा वाकतो. चाकाच्या निम्म्याहून अधिक पाण्यात गाडी घालू नये. आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर ती पुन्हा चालू करून पाहू नये. पुष्कळ इंजिने बुडण्याने मरत नाहीत. त्या दुसऱ्या स्टार्टरने मरतात. गाडी ढकलून बाहेर काढावी आणि ओढून गॅरेजात न्यावी.

आठवड्याची पाच मिनिटे

इंजिनाची निगा हा शब्द मोठा वाटतो, पण काम पाच मिनिटांचे आहे. रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन गार असताना करावे.

ऑइलची डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी, आणि पातळी दोन खुणांच्या दरम्यान आहे ना ते पाहावे. ऑइल काळे होणे हा दोष नव्हे. मळ आपल्यात घेणे हे त्याचे कामच आहे. पण ते दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. कूलंटची टाकी बाहेरून पाहावी. तो वारंवार कमी होत असेल तर नुसते भरत राहू नये, गळती शोधावी. आणि उरलेला कूलंट उघडा ठेवू नये, कारण तो गोडसर व विषारी असल्याने मुलांना आणि जनावरांना घातक असतो. पट्टा पाहावा. गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथली जमीन पाहावी. डागाच्या रंगावरून काय गळते ते समजते. टायरमधली हवा पाहावी. मग इंजिन चालू करून, रेडिओ बंद ठेवून, एक मिनिट नुसते ऐकावे.

ऑइल केव्हा बदलावयाचे, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी होईल ते, अशी मुदत असते. धुळीत, घाटात किंवा गर्दीत फार चालणाऱ्या गाडीला ती अलीकडे ओढावी. पुढे ढकलून वाचलेला पैसा ही बचत नसते. ती इंजिनाकडून घेतलेली उसनवारी असते, आणि इंजिन व्याजासकट वसूल करते.

विजेच्या मोटारी आता वाढत आहेत. त्यांत टॅपेट नाहीत, ऑइलचा तो पडदाही नाही. पण चाके, बेअरिंगे, ब्रेक आणि टायर आहेतच, आणि मुख्य आवाज नाहीसा झाल्यामुळे त्यांची कुरकुर उलट अधिक स्पष्ट ऐकू येते. ऐकण्याची विद्या जुनी होणारी नाही.

त्या वादाचे काय झाले?

आता त्या चालकाकडे येतो. आम्ही मालकाला एवढेच म्हटले की, इंजिन दोघांच्या देखत उघडावे. मिस्त्री दोघांच्याही विश्वासातला. त्याने खालची ऑइलची टाकी सोडविली, तेव्हा तिच्या तळाशी डांबरासारखा गाळ होता. फिल्टर त्याच गाळाने भरला होता. मग त्याने चारही सिलिंडरांची बेअरिंगे काढून कापडावर ओळीने मांडली. जे जाम झाले होते ते तर जळलेच होते. पण मिस्त्रीने बोट ठेवले ते उरलेल्या तिघांवर. त्यांचा वरचा राखाडी थर झिजून जाऊन खालचे तांबे उघडे पडले होते. मिस्त्री मालकाला म्हणाला, "शेठ, एका रात्रीत गाडी दामटून हे तांबं दिसत नाही. ह्याला महिने लागतात."

दुसरा पुरावा चालकाच्या खिशात होता. त्याला डिझेल आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावयाची सवय होती. त्या वहीत तीन ठिकाणी, तारखेनिशी, त्याने लिहिले होते: 'इंजिन ठोकते, शेठना सांगितले.' मालकाने ती पाने दोनदा वाचली आणि कपातीचा विषय सोडला. तो वाईट माणूस नव्हता. कर्जाचे हप्ते आणि सुगीचे चार महिने यांच्या कात्रीत सापडलेला माणूस होता. पण इंजिन गेले ते गेलेच, गाडी दोन महिने उभी राहिली, आणि चालकाचे ते दोन महिने रिकामे गेले. कोणीच जिंकले नाही. पहिल्या ठोक्याला हे काम चार बेअरिंगे, एक फिल्टर आणि ताजे ऑइल एवढ्यावर भागले असते.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक चालकाला मी सांगत आलो, की आवाज ऐकलास तर बोल, आणि बोललास तर लिही. आणि गाडीच्या धन्याला, मग तो दहा गाड्यांचा असो वा एका मोटारीचा, माझे सांगणे असते की, जो रोज चक्रामागे बसतो त्याचा कान तुमच्या कानापेक्षा त्या इंजिनाच्या जवळ असतो. तो सांगावयास आला, तर टेप मोठा करू नका. घरातली गाडी मुलगा किंवा सून चालवीत असेल आणि म्हणत असेल, "बाबा, आज गाडीचा आवाज वेगळा येतोय," तर वर्तमानपत्र खाली ठेवून तिच्याबरोबर अंगणात जा, बॉनेट उघडा आणि एक मिनिट ऐका.